माश्यांसाठी वीतभर हवा

या, जरा पुढे सरकून बसा. दाराजवळ उभे आहात त्यांनीही आत या, कारण ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगण्यासारखी नाही. एका म्हाताऱ्याची आहे, त्याच्या मुलाची आणि सुनेची आहे. सुरू होते ती गाडीवर झोपायला तंबू कुठला घ्यावा इथून. तुम्ही म्हणाल, यात ऐकण्यासारखं काय? पण देव माणसाची परीक्षा मोठमोठ्या प्रसंगांत घेतो असं कोणी सांगितलं? तो अंथरूण-पांघरुणातही घेतो. तेव्हा तंबूचं बोलणं कंटाळा न करता ऐका.

म्हाताऱ्याला सगळे आबा म्हणत. धंदा मधमाश्यांचा. या धंद्यात एका जागी बसून भागत नाही. फुलोरा सरकतो तशा पेट्या सरकवाव्या लागतात. संध्याकाळी माश्या घरी परतल्या की पेट्यांची दारं बंद करायची, एकावर एक दोन थर ट्रकच्या हौद्यात रचायचे, रातोरात लांबच्या माळावर न्यायचे आणि उतरवायचे. मग फुलं संपेपर्यंत मुक्काम तिथेच. पेट्या उघड्यावर टाकून घरी येता येत नाही. चोर असतो, जनावर असतं, वादळ असतं. आबांनी सगळी हयात अशी काढली. पेट्या उतरवल्या की रिकाम्या हौद्यात सतरंजी टाकायची, वर ताडपत्री ओढायची आणि झोपायचं. त्यांची बायको म्हणायची, "यांना घरात झोप येत नाही, गाडीचा वास लागतो." ती देवाघरी गेल्यावर तर माळावरचे दिवस म्हणजेच आबांचं घर झालं होतं. बाकी वर्ष ते पाहुण्यासारखे काढायचे.

गेल्या फुलोऱ्यात एक वाईट गोष्ट घडली. आबा हौद्यात झोपले होते, मुलगा पुढे केबिनमध्ये, थंडी म्हणून काचा वर करून. आबा लघवीला उठले. ट्रकच्या मागचा फाळका उघडाच होता, त्यावरून त्यांनी पाय खाली सोडला, तो दगडावर पडून मुरगळला आणि आबा चाकाजवळ कोसळले. त्यांनी हाका मारल्या. मुलाला त्या ऐकू गेल्या नाहीत. उजाडल्यावर मुलगा खाली उतरला तेव्हा बाप चाकाला टेकून बसलेला, दंवाने भिजलेला, पेट्यांवर घालायचं पोतं अंगावर ओढून घेतलेलं.

आबा म्हणाले, "उठलास? चहा टाक."

एवढंच. पुन्हा त्या रात्रीचा विषय दोघांत निघाला नाही. आबांचा पाय बरा झाला. मुलाचा कान मात्र बरा झाला नाही. घरात भांडं वाजलं तरी तो दचकून उठून बसायचा आणि बायको म्हणायची, "अहो, झोपा. मांजर आहे."

नवा फुलोरा जवळ आला तसं मुलाने जाहीर केलं, "या वेळी टपावरचा तंबू घ्यायचा. चांगला तिघांचा." मग बायकोकडे वळून म्हणाला, "यंदा तूही चल, तुझं दुकान महिनाभर बंद राहिलं तर काही बिघडत नाही. सगळे एका जागी झोपू. कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही."

सुनेचं ताडपत्र्या शिवायचं दुकान होतं. ट्रकवाल्यांची झाकणं, मांडवाची कापडं, हातगाडीची छपरं, सगळं तिच्या मशीनखालून जायचं. ती म्हणाली, "तंबूच हवा तर मी शिवते की."

"जमिनीवरचा नको," तो म्हणाला. "खाली ओल येते, मुंग्या येतात. आणि आबांना जमिनीवरून उठवायला दोन माणसं लागतात."

"मग केबिनमध्ये—"

"केबिनमध्ये झोपून माझेच गुडघे धरतात. त्यांचं काय होईल?"

आबा कोपऱ्यात पेटीतल्या पोळ्यांच्या चौकटींना तारा ओढत बसले होते. ते म्हणाले, "झाडाला झोळी बांधा माझी. जाता-येता झोका द्या. अंगाई तेवढी सूनबाईने म्हणावी."

सून हसली. मुलगा हसला नाही.

तिघं मिळून तंबूच्या दुकानात गेली. दुकानदार बोलका होता. "काका, एकदा वर झोपलात की खाली काय सरपटतंय, कुठे चिखल झालाय, तुम्हाला कर्तव्य नाही. गादी आतच. दोन पट्टे सोडले, ओढलं, की झालं घर."

सून तंबूची शिवण उलटी करून बघत होती. "टाका दुहेरी आहे, पण कोपऱ्यात ओढलाय."

"ताई, तुम्ही झोपायला आलात की शिवण बघायला?"

"झोपेत नाकावर पाणी गळलं की शिवणच आठवते," ती म्हणाली. "आणि गाडी हलवायची झाली तर?"

"तर आधी तंबू मिटायचा. ते आलंच."

"वाऱ्यात डोलत असेल."

"थोडा डोलतो. पाळण्यासारखा." दुकानदाराने आबांकडे बघून डोळे मिचकावले. "काका, तुम्हीच चढून सांगा."

दुकानातला तंबू दाखवण्यापुरता एका बुटक्या लोखंडी घोडीवर मांडला होता. शिडी छान कलती होती. आबा चार पायऱ्या चढले आणि आत जाऊन आडवे झाले. आतून आवाज आला, "अरे, इथे माणूस असा झोपेल की उठवायला चौघं लागतील."

"आबा, काहीतरीच काय बोलता!" मुलगा ओरडला. पण त्याचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा झाला होता. बाप शिडी चढला होता. बाप आता हाताच्या अंतरावर झोपणार होता. त्याने तिथल्या तिथे तंबू घेतला.

आता नीट ऐका, चूक इथे झाली, आणि ती अशी माणसंच करू शकतात.

तंबू टपावरचा म्हणायचा, पण तो बसणार होता हौद्यावरच्या लोखंडी सांगाड्यावर. खाली पेट्यांचे दोन थर, वर सांगाडा, त्यावर फळ्या, त्यावर तंबू. वेल्डरने पेट्यांची उंची घेतली, खांबांवर खडूने खूण केली. आबा शेजारी उभे होते.

"अजून वीतभर वर घे," आबा म्हणाले.

"कशाला आबा?" वेल्डर म्हणाला. "पेट्या बसतात की."

"बसतात, पण श्वास कुठून घेतील? दारं बंद, आत एवढे जीव दाटीवाटीने, गाडी हलतेय. माश्या घाबरल्या की तापतात. वरून वारा खेळला नाही तर मेण वितळतं आणि सगळ्या गुदमरून मरतात. वीतभर हवा पाहिजे त्यांना."

"तंबू फार उंच जाईल."

"जाऊ दे. माश्यांना कुठे शिडी चढायची आहे?"

वेल्डर हसला, आबाही हसले. त्यांनी आपला पंजा पसरून खांबाला लावला आणि अंगठ्यापासून करंगळीपर्यंतची वीत खडूच्या खुणेवर स्वतः मोजून दिली. वेल्डरने तिथे कापलं.

तंबू चढला, उघडला, शिडी खाली सोडली. दुकानात जी कलती होती ती इथे शेवटच्या टोकापर्यंत ओढूनही भिंतीसारखी उभी राहिली. मुलगा वरून म्हणाला, "या आबा."

आबा चढले. निम्म्यावर गेले आणि थांबले. पुढच्या पायरीवर ठेवायला उचललेलं पाऊल हवेतच राहिलं. गुडघा वाकेना.

"वर सावली आहे ना चांगली?" त्यांनी तिथूनच विचारलं.

"आहे की. या ना."

"असू दे. दुपारी बघू." आणि एकेक पायरी चाचपत ते खाली आले.

दुपारी त्यांनी बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बोलण्याचा रोखच बदलला. तंबूचं कौतुक सुरू झालं. "बाकी तंबू म्हणजे तंबू! राजा झोपेल असा." आणि लगेच, "मी काय म्हणतो, माश्यांच्या सगळ्याच वसाहती नेण्यासारख्या नाहीत. दोन-तीन अशक्त आहेत. त्यांना घरी ठेवावं लागेल. त्यांच्याकडे बघायला कोणीतरी हवंच ना?"

"शेजाऱ्याला सांगू," मुलगा म्हणाला.

"शेजाऱ्याला माशी आणि डास यांतला फरक कळत नाही. मी राहतो."

मुलगा तडक घरात गेला. आत बायकोला म्हणाला, "बघितलंस? त्यांना माझ्याजवळ झोपायचंच नाहीये. तोंडाने बोलले नाहीत, पण मनातून गेलं नाही त्यांच्या. हाका मारत असणार माणूस आणि मी घोरत होतो."

"अहो, असं नसेल."

"मग दुसरं काय असेल? मुद्दाम मोठा तंबू घेतला, तर म्हणे मी राहतो."

सुनेची पंचाईत झाली. नवऱ्याला समजवावं तर तो चिडतो, न समजवावं तर स्वतःला खात बसतो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

तिच्या मशीनसमोर खिडकी होती आणि खिडकीतून अंगण दिसायचं. एका दुपारी नवरा बाहेर गेलेला. ती पडद्याला कडा मारत होती, तंबूत मधोमध लावायचा पडदा, सासऱ्यांना संकोच नको म्हणून. सहज मान वर केली तर आबा शिडीवर. त्याच पायरीवर. दोन्ही हातांनी शिडी धरलेली, एक पाय अर्धवट उचललेला. त्यांनी जोर केला. पुन्हा केला. मग कपाळ वरच्या पायरीला टेकवून ते तसेच उभे राहिले. देवळाच्या उंबऱ्यावर माणूस डोकं टेकवतो ना, अगदी तसे. थोड्या वेळाने उतरले. उतरल्यावर खांद्यावरचा रुमाल काढला आणि पायऱ्यांवर उमटलेली आपल्या पावलांची माती पुसून टाकली.

सुनेने मशीन थांबवलं. बाहेर आली.

"आबा, शिडी कशाला पुसलीत?"

"तू मशीन चालव. खिडकीतून पहारा कसला करतेस?"

"किती दिवस चाललंय हे?"

आबा ओट्यावर बसले. रुमाल झटकला, घडी केली, पुन्हा उघडला. "पोरी, त्याला सांगू नकोस. त्याने हौसेने केलंय. माझ्यासाठीच केलंय. मला चढता येत नाही म्हटलं तर तो तंबू उपटून फेकून देईल आणि पुन्हा डोक्याला हात लावून बसेल. आधीच त्या रात्रीपासून तो माझ्याकडे सरळ बघत नाही. आणखी एक ओझं कशाला घालू त्याच्यावर? मी राहतो घरी. घर काही वाईट नाही."

"तुम्हाला राहायचंय?"

अंगणाच्या कडेला पेट्या रांगेत मांडल्या होत्या, आबांनी तिकडे बोट केलं. म्हणाले, "माळावर गेल्यावर पहिल्या सकाळी दार उघडलं की त्या बाहेर येतात आणि पेटीकडे तोंड करून हवेत झुलतात. नवी जागा ओळखून घेतात. मगच लांब जातात. ते एकदा बघितलं की वर्ष जातं बघ माझं."

सुनेने ऐकून घेतलं. वचन मात्र दिलं नाही. नवरा परत आला तसं तिने हातपाय धुवायच्या आधीच त्याला गाठलं.

"आबांना शिडी चढता येत नाही. राग-बिग काही नाही. गुडघा वाकत नाही त्यांचा. रोज दुपारी तुमच्या पाठीमागे चढून बघतात आणि तुम्हाला कळू नये म्हणून पायऱ्या पुसतात."

तो जिथल्या तिथे उभा राहिला. मग म्हणाला, "विकून टाकतो तंबू."

"हेच म्हणाले होते ते, तुम्ही असं म्हणाल म्हणून. विकायचा नाही. त्यांना पूर्वीसारखं हौद्यात झोपू द्या."

"हौद्यात? पुन्हा? तुझं डोकं ठिकाणावर आहे का? तिथूनच पडलेत ते! आणि त्या फळ्यांना मेणा-मधाचा वास आहे. उजाडताच निम्म्या माश्या त्यांच्या पांघरुणात शिरतील."

"वास मी घासून काढते. गरम पाणी आणि सोडा. खाली ताडपत्री ठोकते, वर खाट लावते, बाजूंना जाळी शिवते. हौदा अंगणापेक्षा स्वच्छ करते. पडायचं म्हणाल, तर पायरी नव्हती म्हणून पडले. रिकाम्या पेट्या किती आहेत आपल्याकडे? एक पालथी, दोन पालथ्या, दोरीने आवळल्या की झाल्या पायऱ्या. बाजूला धरायला दांडा."

"आणि आत? सांगाडा आहे वर. म्हातारा माणूस, रात्री चारदा उठतो. खाटेवरून उठताना डोकं आपटेल त्याचं."

यावर ती सरळ हौद्यात चढली. "आबा, या इकडे," तिने हाक मारली. आबा नको नको म्हणत आले. मुलाने हाताला धरून त्यांना वर घेतलं. तिने एक रिकामी पेटी खाटेच्या उंचीला मांडली. "बसा."

आबा बसले. पाठ ताठ केली. डोकं वरच्या फळीला लागलं नाही.

आबांनी सवयीने हात वर नेला, पंजा पसरला, अंगठा डोक्याच्या टाळूवर आणि करंगळी फळीला. अगदी वीतभर. ना जास्त, ना कमी.

ते हात तसाच धरून बसले. वेल्डरकडे मोजून दिलेली वीत त्यांना आठवली असावी, कारण ते एकदम म्हणाले, "ही तर माश्यांची हवा."

मंडळी, आपण देवाकडे सतत आपल्यासाठी मागत असतो. या माणसाने मागितलं ते मुक्या जिवांसाठी, आणि त्यापायी स्वतःच्या पायाखालची शिडी उंच करून घेतली. पेट्या उतरल्या की ती हवा कोणाची? ज्याने मागितली त्याचीच ना? एवढंच म्हणतो आणि गोष्टीकडे वळतो.

मुलगा हौद्याच्या कडेला टेकला होता. त्याचा आवाज आता खाली आला होता. "हे सगळं ठीक आहे. पण मी वर असणार, जाड कापडाच्या आत. तुम्ही हाक मारलीत आणि मला पुन्हा ऐकू आली नाही तर?"

गेल्या वर्षापासून घशात अडकलेलं ते वाक्य त्याने पहिल्यांदा बापासमोर उच्चारलं.

सून म्हणाली, "ऐकू यायची गरजच नाही." ती घरात गेली आणि ताडपत्री बांधायची दोरी घेऊन आली. तंबूच्या कापडाला एका बाजूने भोक पाडलं, त्यात पितळी कडी ठोकली, दोरी तिच्यातून खाली सोडली. "एक टोक आबांच्या हाताशी. दुसरं तुमच्या मनगटाला. ओढली की या खाली."

आबा दोरीकडे बघून म्हणाले, "म्हणजे आता लेकाला दावं लावायचं? चारा-पाणी पण मीच करू का?"

या वेळी मुलगाही हसला. हसता हसता त्याने तोंड फिरवलं.

अशक्त वसाहती शेजाऱ्याच्या स्वाधीन केल्या. आबा त्याला तासभर माशी आणि डास यांतला फरक समजावत होते. मग गाडी भरली आणि निघाली. पेट्यांवरून वारा खेळत होता. मुक्कामाला पोचल्यावर एकही वसाहत दगावलेली निघाली नाही. पेट्या उतरल्या, मांडल्या गेल्या, हौदा रिकामा झाला, खाट लागली, पालथ्या पेट्यांच्या पायऱ्या आवळून बांधल्या. आबा त्यांवरून दोनदा उतरले आणि दोनदा चढले, कोणी सांगितलं नव्हतं तरी.

पहिल्या सकाळी आबांनी पेट्यांची दारं उघडली. माश्या बाहेर आल्या, पेट्यांकडे तोंड करून झुलू लागल्या. आबा हात मागे बांधून बघत होते. मुलगा शिडीवरून उतरला तो डोळे तांबारलेला.

"झोपला नाहीस?" आबांनी विचारलं.

"तुम्ही दोरी ओढली नाहीत."

"गरजच पडली नाही. तीनदा उठलो, पायऱ्यांवरून गेलो, आलो. झकास."

"मी वाट बघत होतो," मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात रागही होता आणि रडूही. "प्रत्येक वेळी खालून फळी वाजली, मला ऐकू आली. म्हटलं, आता ओढतील. ओढलीच नाहीत. पडला असतात तरी ओढली नसती तुम्ही. मला ठाऊक आहे."

आबा पेट्यांकडे वळले. सून चुलीपाशी होती, तिने मान वर केली नाही. दिवसभर तिघं राबली आणि कामापुरतंच बोलली.

संध्याकाळी जेवणं झाली, कंदील मालवला, नवरा-बायको वर गेली. अंथरुणावर पाठ टेकते न टेकते तोच मुलाच्या मनगटाला हिसका बसला. तो धडपडत शिडीवरून खाली आला, अनवाणी.

"काय झालं आबा? काय होतंय?"

आबा खाटेवर निवांत बसले होते. "काही नाही."

"मग?"

"उगाच ओढली. बस."

मुलगा धापा टाकत फाळक्यावर बसला. आबा दोरी बोटांत गुंडाळत म्हणाले, "त्या रात्रीचं सांगतो. मी फार हाका मारल्याच नव्हत्या रे. दोनदा मारल्या. मग म्हटलं, दिवसभर पेट्या उचलून पोरगं दमलंय, झोपू दे. उजाडेलच. ऐकू न येण्यासारखं तुझ्या कानात काही नव्हतं. हाकच नव्हती. हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. मला वाटलं, तू विसरला असशील."

मुलाने मान खाली घातली. वर तंबूत सून जागी होती. फळीच्या फटीतून तिला प्रत्येक शब्द ऐकू येत होता आणि ती श्वाससुद्धा हळू घेत होती.

"आता ओढत जाईन," आबा म्हणाले. "काम असलं तरी ओढीन, नसलं तरी ओढीन. मग कटकट करू नकोस. जा, झोप."

तो गेला. आबा आडवे झाले. डोळा लागणार तेवढ्यात त्यांच्या हातातल्या दोरीला वरून एक हलकी ओढ बसली. फक्त एकच. आबांनी खालून एक ओढ दिली. मग दोघंही झोपले, आणि त्या रात्री मुलाची झोप एकदाही चाळवली नाही.

त्यानंतरचे काही फुलोरे आबांनी असेच काढले. आता ते नाहीत. गेले ते घरी, दिवसाढवळ्या, हाताशी माणसं असताना. मुलगा अजून पेट्या घेऊन माळावर जातो. सांगाडा तोच आहे, तेवढाच उंच. कोणी बुटका करून घे म्हटलं तर तो नाही म्हणतो. कडीतली दोरी त्याने काढलेली नाही. खालचं टोक रिकाम्या खाटेवर पडलेलं असतं.

माझी एवढीच विनंती आहे. आज घरी जाल, दिवा मालवाल, तेव्हा घरात खालच्या खाटेवर कोणी झोपलेलं असेल, जो आपली झोप मोडू नये म्हणून हाक मारत नसेल, त्याला जाऊन एकदा विचारा, काही हवंय का म्हणून. आणि तसं विचाराल तेव्हा दोनच हाका मारून गप्प बसलेल्या आबांचीही आठवण ठेवा.